बोआविश्ता २०००-०१: चमत्कार, नशीब की हिशेबात बसणारी गोष्ट?

बेसाकर

लेस्टरने २०१६ मध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली तेव्हापासून 'छोट्या क्लबची मोठी गोष्ट' म्हटलं की सगळे तिथेच सुरू होतात आणि तिथेच थांबतात. माझं म्हणणं असं की त्याच्या पंधरा वर्षं आधी पोर्तुगालमध्ये जे झालं ते फुटबॉलच्या दृष्टीने जास्त अभ्यासण्यासारखं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोर्तुगालची लीग १९३० च्या दशकात सुरू झाली. तेव्हापासून आजवर ती फक्त पाच क्लबांनी जिंकलीय. त्यातले तीन म्हणजे बेनफिका, पोर्तो आणि स्पोर्टिंग. उरलेल्या दोघांची एकेकच पाटी: बेलेनेन्सेस १९४५-४६ आणि बोआविश्ता २०००-०१. म्हणजे मधली ५५ वर्षं तिघांचीच मक्तेदारी, आणि २००१ नंतर पुन्हा तेच.

बोआविश्ता हा पोर्तो शहरातलाच दुसरा क्लब. काळ्या-पांढऱ्या चौकडीचा शर्ट, बेसा नावाचं मैदान, प्रशिक्षक जाइमे पाशेको. ३४ सामन्यांत २३ विजय, ८ बरोबरी, ३ पराभव, ७७ गुण. ६३ गोल केले, २२ खाल्ले. दुसरा पोर्तो, ७६ गुण. तिसरा स्पोर्टिंग, तब्बल १५ गुण मागे. आणि बेनफिका सहावा! त्यांच्या इतिहासातला सगळ्यात वाईट क्रमांक.

माझ्या मते हा चमत्कार नव्हता. चार वर्षं नीट बांधलेला संघ होता आणि त्याच वर्षी बाकीच्यांच्या घरात गोंधळ होता. तुम्हाला काय वाटतं? आणि पुन्हा असं कधी होईल का?

उगाच_एक

पहिला! आता वाचतो.

तिरकस_पेठकर

एका गुणाने जिंकलेल्या लीगला "हिशेबात बसणारी गोष्ट" म्हणायचं म्हणजे हिशेब फारच उदार आहे. एखादा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला असता तर आज हा धागाच नसता.

आकडेमोड

पेठकर, तो एक गुण फसवा आहे. आधी क्रम बघा. १८ मे २००१ ला बोआविश्ताने बेसावर आवेश संघाला ३-० हरवलं आणि तिथेच लीग संपली. तेव्हा त्यांचे ७७ आणि पोर्तोचे ७३ होते, एक सामना शिल्लक. शेवटचा सामना पोर्तोच्याच मैदानावर, आन्ताशवर. त्यात बोआविश्ता ४-० हरला. त्याने काहीच फरक पडणार नव्हता, त्यामुळे तक्त्यात ७७-७६ दिसतं.

म्हणजे त्या सामन्याआधीच्या ३३ सामन्यांत या लोकांनी फक्त १८ गोल खाल्ले होते आणि हरले होते फक्त दोनदा. याला नशीब म्हणत असाल तर मलाही थोडं द्या.

तिरकस_पेठकर

चॅम्पियन झाल्यावर आठवडाभरात शेजाऱ्याकडे जाऊन चार गोल खाऊन आले? पार्टी जोरदार झाली असणार.

दोउरोकाठची

मी गेली काही वर्षं पोर्तोत राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण या विषयावर इथे कोणाशीही बोललं की दोन तट पडतात, म्हणून लिहिते.

बाहेरच्यांना वाटतं की पोर्तो शहर म्हणजे निळ्या-पांढऱ्या पोर्तोचं. पण बोआविश्ता भागात, रोटुंडापासून समुद्राकडे जाणाऱ्या लांबलचक रस्त्याच्या आसपास, जुनी घरं आहेत जिथे तिसरी पिढी चौकडीवालीच आहे. आमच्या इमारतीतले एक आजोबा अजून चौकडीचा मफलर घालून बेकरीत येतात. त्यांना मी २००१ बद्दल विचारलं तर त्यांनी गोलांबद्दल काहीच सांगितलं नाही. म्हणाले, त्या वर्षी पोर्तोवाल्या जावयाने रविवारी जेवायला यायचं बंद केलं होतं.

क्लब १९०३ चा, इंग्रज मंडळींनी सुरू केलेला. वाईनच्या धंद्यामुळे इथे इंग्रज होतेच. त्यामुळे 'छोटा' म्हटलं की त्यांना राग येतो. गरीब म्हणा, चालेल.

लाल_पक्षी

लिव्हरपूलवाला हजर आहे. त्या वर्षी युएफा कपच्या (चॅम्पियन्स लीगखालोखालची युरोपातली क्लब स्पर्धा) उपांत्यपूर्व फेरीत आम्हीच पोर्तोला बाहेर काढलं. बोआविश्ताने आम्हाला आभाराचं पत्र पाठवायला हवं होतं.

आकडेमोड

लाल_पक्षी, तुम्ही विनोद केलात, पण मुद्दा त्यातच आहे. त्या मोसमात पोर्तो चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत अँडरलेख्टकडून हरला, मग युएफा कपमध्ये मार्चपर्यंत खेळत राहिला आणि वर देशातला कपही जिंकला. बोआविश्ताला मात्र दुसऱ्याच फेरीत रोमाने बाहेर काढलं होतं (तोच रोमा त्या वर्षी इटलीचा चॅम्पियन झाला). म्हणजे हिवाळ्यापासून बोआविश्ताचा आठवडा मोकळा. सोमवार ते शनिवार सराव, रविवारी सामना. पाशेकोच्या पद्धतीच्या, धावून धावून समोरच्याला गुदमरवणाऱ्या खेळाला हे किती मोलाचं आहे ते खेळलेल्यांना कळेल.

लेस्टरलाही त्यांच्या जेतेपदाच्या वर्षी युरोपातले सामने नव्हतेच. तिथे सगळे हे कारण सांगतात, इथे कोणी सांगत नाही.

बेसाकर

+१. हे मूळ लेखात यायला हवं होतं.

संघाबद्दलही थोडं. गोलमध्ये रिकार्डो. हाच तो २००४ च्या युरो कपमध्ये इंग्लंडविरुद्ध हातमोजे काढून व्हॅसेलची पेनल्टी अडवणारा आणि मग स्वतःच पुढची मारून सामना संपवणारा. बचावात कर्णधार लितोस आणि पेद्रो इमान्युएल (हा पुढे पोर्तोत गेला). मधल्या फळीत पेटीट, ज्याला तिथे पिटबुल म्हणायचे ते उगाच नाही. त्या मोसमाआधीच्या उन्हाळ्यात जिल व्हिसेन्ते क्लबकडून आणलेला. त्याच्या शेजारी रुई बेन्तो. आणि या सगळ्या हमालीच्या वर एकच कलाकार: बोलिव्हियाचा एरविन सांचेझ. फ्री किक, कॉर्नर, शेवटचा पास, सगळं त्याच्या पायातून. पुढे ब्राझीलचा सिल्व्हा, गोल केला की दोन्ही हातांची पिस्तुलं करणारा, आणि दुदा.

पोर्तोविरुद्ध बेसावर १-० जिंकले तो गोल मार्तेलिन्योचा. हा सामना पहिल्या टप्प्याच्या अगदी शेवटी झाला. माझ्या मते लीग तिथेच फिरली. तोवर 'बघू, दमतील' म्हणणाऱ्यांना पहिल्यांदा घाम फुटला असेल.

झब्बूवाला

सिल्व्हाचे लीगमध्ये गोल किती?

आकडेमोड

११. संघात सर्वाधिक. पोर्तोच्या पेनाने त्या वर्षी २२ केले. म्हणजे चॅम्पियन संघाच्या सगळ्यात मोठ्या नेमबाजाचे गोल समोरच्याच्या बरोबर निम्मे. ६३ गोल सगळ्यांत वाटलेले. एकाला दुखापत झाली म्हणून गाडी थांबणारी नव्हती.

म्हापसेकर

आमच्याकडे गोव्यात पोर्तुगीज फुटबॉल म्हणजे दोनच जाती, बेनफिका आणि स्पोर्टिंग. वडील कट्टर बेनफिका, युसेबिओचं नाव देवघरात असल्यासारखं घ्यायचे. २००१ साली माझ्या एका मामांचं लिस्बनहून पत्र आलं होतं, त्यात कुटुंबाची खुशाली दोन ओळी आणि बेनफिका सहावा आला याचं दुःख दोन पानं. बोआविश्ता जिंकल्याचा उल्लेखही नव्हता!

गंमत अशी की त्या मोसमात बेनफिकाच्या हातात काय होतं बघा. सप्टेंबर २००० मध्ये प्रशिक्षक युप हाइंकेस क्लब सोडून गेले आणि त्यांनी एका तरुण माणसाला मुख्य प्रशिक्षक केलं. नाव जोझे मोरीन्यो. पहिलीच मुख्य प्रशिक्षकाची नोकरी. डिसेंबरात त्याने स्पोर्टिंगला ३-० धुतलं. मग नवीन अध्यक्ष विलारिन्योंकडे कराराची खात्री मागितली, मिळाली नाही, आणि गडी निघून गेला. विलारिन्यो निवडणुकीतच सांगत होते की मला टोनी आणायचाय. टोनी आला, बेनफिका सहावा आला. मोरीन्यो पुढे लेइरियाला, तिथून पोर्तोला, आणि पुढचं सगळ्यांना माहीतच आहे.

वडील शेवटपर्यंत म्हणायचे, विलारिन्यो भेटला तर त्याला फेणी न पाजता परत पाठवीन.

उगाच_एक

हहपुवा! फेणी न पाजणे ही गोव्यातली सर्वोच्च शिक्षा दिसतेय.

चौकटराजा२००१

रच्याकने, गोव्यात फुटबॉल पोर्तुगीजांनी आणला ना? म्हणजे एका अर्थी हा धागा घरचाच.

म्हापसेकर

नाही हो. विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या ब्रिटिश पाद्र्याने, १८८३ मध्ये, शिवोलीला. तो तब्येत सुधारायला गोव्यात आला होता. पोर्तुगीज राज्य असून खेळ इंग्रजाने आणला. तसं बघितलं तर खुद्द पोर्तोतही इंग्रजांचाच हात, दोउरोकाठचीताईंनी वर लिहिलंय तसं.

संपादक_मंडळ

अवांतर चर्चा वेगळ्या धाग्यावर न्यावी ही विनंती. (फेणीची चर्चा चालेल.)

तिरकस_पेठकर

आता मी कडू प्रश्न विचारतो, कोणीतरी विचारायलाच हवा. बोआविश्ताचे तेव्हाचे अध्यक्ष जोआव लोरेइरो. त्यांचे वडील व्हालेन्तिम लोरेइरो, स्वतः पूर्वी त्याच क्लबचे अध्यक्ष आणि त्या काळात कोण? तर लीगचे अध्यक्ष. मुलाचा क्लब, बापाची लीग. आणि पुढे २००४ मध्ये रेफ्रींवर दबाव आणण्याचं जे प्रकरण फुटलं, 'अपितो दोउरादो' म्हणजे सोन्याची शिटी, त्यात हेच नाव. २००८ मध्ये क्लबला थेट खालच्या लीगमध्ये ढकललं. आणि आपण इथे "नीट बांधलेला संघ" म्हणून आरती करतोय?

बेसाकर

ह्या प्रश्नाची वाटच बघत होतो. एकेक करून.

ते प्रकरण मुख्यतः २००३-०४ च्या मोसमाचं. शिक्षा त्याच मोसमातल्या सामन्यांसाठी झाली. त्याच वेळी, म्हणजे २००८ मध्ये, पोर्तोचेही ६ गुण कापले (तरी ते त्या वर्षी चॅम्पियन झाले, ही गोष्ट वेगळी). २००१ च्या जेतेपदावर कुठल्याही यंत्रणेने बोट ठेवलेलं नाही, ते काढूनही घेतलेलं नाही. शिवाय बोआविश्ताची ती पदावनती पुढे प्रक्रियेतल्या दोषांमुळे रद्द झाली. म्हणूनच २०१४ मध्ये लीग १६ वरून १८ संघांची करून त्यांना परत वर घेतलं. व्हालेन्तिम लोरेइरोंना याच प्रकरणातल्या गोंदोमारच्या खटल्यात निलंबित (प्रत्यक्ष तुरुंगात न जाता) शिक्षा झाली हे खरं.

बाप-मुलाची रचना चुकीची होती यावर माझा वाद नाही. आज कोणी तसं केलं तर मीच पहिला ओरडेन.

तिरकस_पेठकर

"यंत्रणेने बोट ठेवलेलं नाही" हे वाक्य आपण आपल्याकडच्या कितीतरी लोकांबद्दल ऐकत मोठे झालो आहोत, बेसाकर.

दोउरोकाठची

इथले पोर्तोवाले हेच म्हणतात, पेठकर, तुमच्याच शब्दांत. आणि चौकडीवाले उलट विचारतात की लीगच्या अध्यक्षाच्या हातात इतकं होतं तर मग एकदाच कसे जिंकलो? वडील खुर्चीत होते त्या सगळ्या वर्षांत एकच जेतेपद! मला हा युक्तिवाद विनोदी वाटतो, पण अगदीच टाकाऊ नाही.

आकडेमोड

मी मैदानावरचा पुरावा देतो. पोर्तुगालचे रेफ्री दबावाखाली असतील, पण युरोपातल्या स्पर्धांचे तर नाहीत?

१९९६-९७ मध्ये कप जिंकला, अंतिम सामन्यात बेनफिकाला ३-२ हरवून. १९९८-९९ मध्ये लीगमध्ये दुसरे. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या गटात. मग चॅम्पियन. त्यानंतर २००१-०२ मध्ये पुन्हा लीगमध्ये दुसरे, आणि चॅम्पियन्स लीगमध्ये लिव्हरपूल, डॉर्टमुंड आणि डायनॅमो कीव्हच्या गटातून वर. डॉर्टमुंड त्याच वर्षी जर्मनीचा चॅम्पियन झाला, लक्षात घ्या. दुसऱ्या गटात बायर्न आणि मँचेस्टर युनायटेड भेटले तिथे अडले. २००२-०३ मध्ये युएफा कपच्या उपांत्य फेरीत सेल्टिककडून हरले, लार्सनने बेसावर उशिरा गोल मारला. तो झाला नसता तर सेव्हियात अंतिम सामना पोर्तो विरुद्ध बोआविश्ता झाला असता. एकाच शहराचे दोन संघ!

हा आलेख शिटीने बनत नाही.

लाल_पक्षी

त्या गटात आमच्या अँफिल्डवर बोआविश्ताशी १-१. तो सामना ११ सप्टेंबर २००१ ला झाला, हे कोणाच्या लक्षात आहे का? सिल्व्हाने गोल केला, मग ओवेनने बरोबरी. आपल्याकडे तोवर मध्यरात्र उलटून गेली होती. मी हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये होतो, टीव्हीवर फक्त न्यूयॉर्क. युएफाने मंगळवारचे सामने होऊ दिले आणि बुधवारचे पुढे ढकलले. निकाल मला दोन दिवसांनी पेपरातल्या एका ओळीत मिळाला, आणि इतक्या गोंधळातही राग आला की कोण हे बोआविश्ता?

झब्बूवाला

मी तर बोआविश्ताला चॅम्पियनशिप मॅनेजर या कॉम्प्युटर गेममुळे ओळखतो. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन पेटीट विकत घ्यायचो. प्रत्यक्षात त्याचा चेहरा बघितला तो थेट २००४ च्या युरोत.

आणि तिथून निघालेले खेळाडू बघा राव! हॅसलबाइंक इथून लीड्सला गेला. नुनो गोमेस, जोआव पिंटो इथलेच. बोसिंग्वा आणि राउल मेइरेलेस पण, जे पुढे २०१२ मध्ये चेल्सीबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकले.

चौकटराजा२००१

माझं मत जरा वेगळं. ही मक्तेदारी मला रणजीतल्या मुंबईसारखी वाटते. १९५८-५९ पासून सलग पंधरा वेळा मुंबई, मग कर्नाटकाने तोडलं. पण तोडल्यावर स्पर्धा खुली झाली, दिल्ली आली, कर्नाटक पुन्हा पुन्हा आलं. पोर्तुगालमध्ये बोआविश्ताने दार फोडलं आणि मागे कोणीच आलं नाही. मला प्रश्न पडतो तो याचा. फोडलं कसं यापेक्षा, लगेच बंद कसं झालं?

आकडेमोड

रणजीत टीव्हीचे पैसे संघाच्या खिशात जात नव्हते, चौकटराजा. फरक तिथे आहे.

पोर्तुगालमध्ये प्रत्येक क्लब आपले प्रक्षेपण हक्क स्वतंत्र विकतो. इंग्लंडसारखी एकत्र विक्री नाही. मग बेनफिका, पोर्तो, स्पोर्टिंगला मिळणारी रक्कम आणि बाकीच्यांची रक्कम यांत दरी. त्यावर चॅम्पियन्स लीगचे पैसे, तेही पुन्हा त्याच तिघांना. त्या पैशातून ब्राझील-अर्जेंटिनाचे पोरगे आणायचे, दोन वर्षांनी चौपट किमतीला विकायचे, पुन्हा तेच. बाकीच्यांनी चांगला खेळाडू घडवला की तो आधी या तिघांकडेच जातो. पेटीट कुठे गेला? बेनफिका. पेद्रो इमान्युएल? पोर्तो. रिकार्डो? स्पोर्टिंग. चॅम्पियन संघाचा कणा तिघांनी वाटून घेतला!

२०२१ मध्ये सरकारने एकत्र विक्रीचा कायदा केलाय, अंमल २०२८-२९ पर्यंत. तोवर वाट बघा.

बेसाकर

आणि बोआविश्ताने स्वतःच्या पायावरही धोंडा मारून घेतला. २००४ च्या युरोसाठी बेसा एकेक स्टँड पाडून नव्याने बांधलं. स्पर्धेतले सामने मिळाले किती? तीन. कर्ज राहिलं वर्षानुवर्षं. २८ हजारांच्या आसपासचं मैदान, आणि ते भरायला इतके लोक त्या क्लबकडे नियमित कधीच नव्हते.

दोउरोकाठची

शेवट माहिती नसेल त्यांच्यासाठी: २०२४-२५ मध्ये बोआविश्ता लीगमध्ये शेवटचा आला. त्यानंतर आर्थिक अटी पूर्ण न झाल्याने व्यावसायिक लीगचा परवानाच मिळाला नाही. थेट पोर्तो जिल्ह्याच्या स्पर्धेत. देशाचा माजी चॅम्पियन गल्लीतल्या संघांबरोबर.

उगाच_एक

अरेरे. धागा उघडला तेव्हा हसत होतो.

म्हापसेकर

बेनफिकावाल्यांना हसू नका म्हणतो मी, आमचे वडील असते तर हसले नसते. सहावा नंबर विसरले नव्हते ते, पण बोआविश्ताबद्दल वाईट कधी बोलले नाहीत.

चौकटराजा२००१

मूळ प्रश्नाकडे: पुन्हा होईल का? माझं मत ब्रागाला. २००९-१० मध्ये दुसरे आले होते, डोंगर कापून बांधलेलं सुंदर मैदान आहे, अकादमी आहे, खेळाडू विकून पैसाही येतो.

तिरकस_पेठकर

ब्रागाबद्दल हे मी २०१० पासून ऐकतोय. 'पुढच्या वर्षी नक्की' या वर्गात त्यांचा नंबर आमच्या मेट्रोच्या आधी लागतो.

आकडेमोड

पेठकरांशी पहिल्यांदाच सहमत. ब्रागाला लीग जिंकायची तर ८० च्या आसपास गुण लागतील. बोआविश्ताला ७७ पुरले. २०२४-२५ मध्ये स्पोर्टिंग ८२, बेनफिका ८०. म्हणजे ८० गुण मिळवूनही दुसरे. तिघांपैकी दोघे एकाच वर्षी कोसळले तरच वाट आहे, आणि तिसऱ्याला वर्षभर पुरून उरावं लागेल. २००१ मध्ये बेनफिका आणि स्पोर्टिंग कोसळले आणि पोर्तोला बोआविश्ता पुरून उरला. नुसतं पहिलं झालं असतं तर पोर्तो आरामात जिंकला असता. म्हणून मी याला नशीब म्हणत नाही.

तिरकस_पेठकर

बरं, अर्धं मान्य. संघ चांगला होता. बाप-मुलाबद्दलचं माझं मत तसंच राहील.

बेसाकर

अर्धं पुरे, पुण्यातून एवढंच मिळतं.

झब्बूवाला

कोणाकडे आवेशविरुद्धच्या त्या ३-० सामन्याची लिंक आहे का? पूर्ण सामना हवाय, नुसते गोल नकोत. पेटीट किती जणांना पाडतो ते मोजायचंय.

दोउरोकाठची

आजोबांकडे व्हिडिओ कॅसेट आहे म्हणे. व्हीसीआर कोणाकडे आहे ते सांगा.